सहा नेमणुका, तीन हॅना

बाबांची तपकिरी चामड्याची बॅग अजून आमच्या माळ्यावर आहे, आणि तिच्यात एक लाल फडकं आहे ज्याला आम्ही घरात बस्ता म्हणायचो, म्हणजे केसचे कागद बांधायचं कापड. बाबा सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या कोर्टात वकिली करायचे. महिन्या-दीड महिन्यातून एकदा तरी त्यांना मुंबईला हायकोर्टात जावं लागायचं, उभे राहणारे वकील तिथले वेगळे असायचे, पण पक्षकाराला सोबत घेऊन, कागद घेऊन, खालच्या कोर्टात नेमकं काय झालं ते समजावून सांगायला बाबाच लागायचे. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस. आई संध्याकाळी चपात्या लाटायला बसली की आम्हाला कळायचं आज बाबांची मुंबई आहे. शेंगदाण्याची चटणी, कोरडी बटाट्याची भाजी, आणि पक्षकारासाठी दोन चपात्या जास्त, कारण शेतकरी माणूस मुंबईत कुठे खाईल हे आईला कायम पडलेलं असायचं.

हे सगळं आठवायला निमित्त झालं ते मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच. १८ ऑगस्ट २०२५ पासून ते सुरू झालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांसाठी. चाळीसेक वर्षं वकील लोक यासाठी मागणी करत होते, उपोषणं झाली, कामकाज बंद राहिलं, बाबा पण त्यात असायचे, आणि ते बघायला बाबा राहिले नाहीत. मी फोनवर त्या दिवशीचे व्हिडिओ बघत होते आणि ‘सर्किट’ या शब्दावर अडकले. सर्किट म्हणजे फेरी, न्यायाधीशांची फेरी. मग वाचत गेले. इंग्लंडमध्ये जज गावोगावी फिरायचे, तिथून ती पद्धत अमेरिकेत गेली, आणि वाचता वाचता मी पोचले जॉर्ज वॉशिंग्टनपाशी आणि त्याने नेमलेल्या सहा न्यायाधीशांपाशी, आणि खरं सांगते, गेले काही महिने मी त्यातून बाहेर आलेलेच नाहीये.

२४ सप्टेंबर १७८९. त्या दिवशी वॉशिंग्टनने न्यायव्यवस्थेच्या कायद्यावर सही केली आणि त्याच दिवशी सुप्रीम कोर्टासाठी सहा नावं सिनेटकडे, म्हणजे तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहाकडे, पाठवली. अमेरिकेची राज्यघटना सुप्रीम कोर्ट असावं एवढंच सांगते, किती जज, कुठे बसणार, काय करणार हे सगळं या कायद्याने ठरलं. एक मुख्य न्यायाधीश, पाच सहकारी. मुख्यला वर्षाला ४,००० डॉलर, बाकीच्यांना ३,५००. नावं होती न्यूयॉर्कचे जॉन जे, साउथ कॅरोलायनाचे जॉन रटलेज, मॅसॅच्युसेट्सचे विल्यम कुशिंग, मेरीलँडचे रॉबर्ट हॅरिसन, पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन आणि व्हर्जिनियाचे जॉन ब्लेअर. तीन उत्तरेचे, तीन दक्षिणेचे, सहा वेगवेगळ्या राज्यांचे. सगळे नव्या राज्यघटनेच्या बाजूचे, त्यातल्या तिघांच्या तर तिच्यावर सह्याच होत्या. दोन दिवसांत, २६ तारखेला, सिनेटने सगळ्यांना मंजुरी दिली. न्यायदान हा चांगल्या सरकारचा सगळ्यात भक्कम खांब आहे असं वॉशिंग्टनने त्याच सुमारास एका पत्रात लिहिलंय, आणि ती यादी बघितली की कळतं की माणसाने खरोखर विचार केलेला आहे, ओळखीच्या लोकांना खिरापत वाटलेली नाही.

पण एका यादीत किती वेगवेगळी माणसं होती हेही बघायला हवं. कुशिंग मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश असताना १७८३ मध्ये क्वॉक वॉकर नावाच्या माणसाच्या खटल्यात त्यांनी ज्यूरीला सांगितलं होतं की आपल्या राज्याच्या घटनेत गुलामगिरी बसत नाही. आणि त्याच यादीत रटलेज, जे स्वतः गुलाम बाळगणारे आणि घटना तयार होत असताना गुलामांच्या मालकांची बाजू लावून धरणारे. उत्तर-दक्षिण समतोल म्हणायला सोपं आहे, पण तो समतोल कुणाच्या जिवावर होता हे विसरून मला ही यादी वाचता येत नाही.

आता पुढची गंमत नाही, खरं तर दुःखच आहे. आज आपल्याला वाटतं की सुप्रीम कोर्टाचा जज म्हणजे माणूस आयुष्यभर ज्याची वाट बघेल असं पद. तेव्हा तसं नव्हतं. हॅरिसन हे युद्धात वॉशिंग्टनचे सेक्रेटरी होते, अगदी घरातला माणूस. त्यांनी तब्येतीमुळे नाही म्हटलं. वॉशिंग्टनने परत लिहिलं, पुन्हा विचार करा. ते विचार करून जानेवारीच्या थंडीत न्यूयॉर्कला निघाले, आणि ब्लेडन्सबर्गपर्यंत, म्हणजे आपल्याच राज्यात, पोचले आणि आजारी पडले. तिथून माघारी फिरले, नेमणुकीचा कागद परत केला, आणि एप्रिलमध्ये वारले. मी हे वाचलं तेव्हा मला तो परतीचा रस्ता दिसत राहिला. मंजुरी मिळालेली, कागदावर सही-शिक्का झालेला, आणि शरीरच जात नाहीये.

रटलेज तर सगळ्या कोर्टासोबत एकदाही बसले नाहीत, फेऱ्या केल्या आणि १७९१ मध्ये राजीनामा देऊन आपल्या राज्याच्या कोर्टाचे मुख्य न्यायाधीश व्हायला गेले. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयापेक्षा राज्याचं कोर्ट बरं वाटलं! त्यांच्या जागी आलेले थॉमस जॉन्सन दीडेक वर्षसुद्धा टिकले नाहीत.

कोर्टाचा पहिला दिवस, १ फेब्रुवारी १७९०, न्यूयॉर्कमध्ये रॉयल एक्स्चेंज नावाच्या इमारतीत, खाली बाजार आणि वरच्या मजल्यावर कोर्ट. सहापैकी तीनच जण आले. जे, विल्सन, कुशिंग. कोरमला चार लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी ब्लेअर पोचले तेव्हा कोर्ट बसलं, आणि समोर एकही खटला नव्हता. क्लार्क नेमला, वकिलांच्या नोंदी केल्या, दहा दिवसांत उठलं. आपल्याकडे २८ जानेवारी १९५० ला दिल्लीत संसद भवनाच्या इमारतीत सुप्रीम कोर्ट पहिल्यांदा बसलं तेव्हाही सहाच जज होते, मुख्य न्यायमूर्ती हरिलाल कानिया, जे मुंबई हायकोर्टातून वर गेलेले. पण आपल्या सहांच्या मागे फेडरल कोर्ट होतं, जुनी हायकोर्टं होती. त्या सहांच्या मागे काहीच नव्हतं.

तर मग ही माणसं सोडून का जात होती? उत्तर एका शब्दात द्यायचं तर रस्ता. त्या १७८९ च्या कायद्यात असं होतं की सुप्रीम कोर्ट वर्षातून दोनदा राजधानीत बसेल आणि मधल्या वेळात हेच जज देशभर फिरून सर्किट कोर्टं चालवतील. तीन सर्किट, पूर्वेकडचं, मधलं आणि दक्षिणेचं, प्रत्येकात दोन सुप्रीम कोर्टाचे जज आणि तिथला एक जिल्हा जज, वर्षातून दोन फेऱ्या. कल्पना चांगलीच होती, नवीन देश आहे, लोकांना दिल्ली दूर नको वाटायला (त्यांची दिल्ली म्हणजे आधी न्यूयॉर्क आणि मग फिलाडेल्फिया), सरकार लोकांच्या दारात गेलं पाहिजे. कोल्हापूरसाठी आम्ही जे म्हणत होतो तेच की. फक्त आमच्याकडे पक्षकार फिरत होता आणि तिकडे जज फिरत होते, आणि कुणीतरी फिरल्याशिवाय न्याय पोचतच नाही हे दोन्हीकडे सारखंच.

हॅरिसनच्या रिकाम्या जागेवर वॉशिंग्टनने नेमलं नॉर्थ कॅरोलायनाच्या जेम्स आयर्डेलना. वय ३८, सगळ्यात तरुण. त्यांच्या राज्याने घटना उशिरा, नोव्हेंबर १७८९ मध्ये स्वीकारली, त्यामुळे पहिल्या यादीत त्या राज्याचा कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता. वाट्याला आलं दक्षिणेचं सर्किट. फिलाडेल्फियाहून निघायचं ते खाली जॉर्जियापर्यंत आणि परत, एका फेरीत दीड हजार मैलांच्या वर, घोडागाडीने, असं वर्षातून दोनदा. पूल नसलेल्या नद्या, दलदल, उन्हाळ्यातला ताप. मुक्काम वाटेतल्या खानावळीत. आपल्या बायकोला लिहिलेल्या एका पत्रात ते सांगतात की आज एका खोलीत पाच माणसं होती आणि बिछान्यातला वाटेकरी भलताच निघाला. सुप्रीम कोर्टाचा जज हो! अनोळखी माणसाशेजारी अंग चोरून झोपलेला, आणि सकाळी उठून ज्यूरीपुढे राज्यघटना समजावून सांगणारा.

बायकोचं नाव हॅना. नेमणूक झाली तेव्हा ती मुलांना घेऊन एडन्टनसारख्या लहान गावातलं घर आवरून आधी न्यूयॉर्कला आली, मग कोर्टाबरोबर फिलाडेल्फियाला. अनोळखी शहर, नवरा बहुतेक वर्षभर रस्त्यावर. शेवटी १७९३ मध्ये ते सगळे परत एडन्टनला गेले. आमच्या घरात पण एकदा असं चाललं होतं की आपण मुंबईलाच राहायला जाऊ, बाबांची दगदग वाचेल, आणि आई दोन रात्री झोपली नव्हती, आणि मग तो विषय कुणी काढलाच नाही. त्यामुळे ही हॅना मला लगेच कळली.

आयर्डेलनी १७९१ च्या फेब्रुवारीत जे यांना लिहिलं की दक्षिणेचं सर्किट कायमचं एकाच माणसावर टाकणं बरोबर नाही. १७९२ च्या ऑगस्टमध्ये सगळ्या न्यायाधीशांनी मिळून वॉशिंग्टनला पत्र लिहिलं. त्यात दोन मुद्दे होते आणि दोन्ही मला फार खरे वाटतात. एक, आम्हाला आमच्या कुटुंबापासून हद्दपार झाल्यासारखं जगावं लागतंय. दुसरा, सर्किटवर आम्हीच दिलेला निकाल अपिलात आमच्याचपुढे येतो, आपली चूक आपणच तपासायची, हे लोकांच्या विश्वासाला धरून नाही. वॉशिंग्टनने ते पत्र काँग्रेसकडे, म्हणजे तिकडच्या संसदेकडे, पाठवलं. काँग्रेसने १७९३ मध्ये एवढंच केलं की सर्किटला दोनाऐवजी एक जज चालेल. १८०१ मध्ये, वॉशिंग्टननंतरचा अध्यक्ष असलेल्या अ‍ॅडम्सच्या शेवटच्या दिवसांत सर्किटसाठी वेगळे १६ जज नेमायचा कायदा झाला, पुढच्या वर्षी नव्या अध्यक्षाच्या, जेफरसनच्या, पक्षाने तो रद्द केला आणि सुप्रीम कोर्टाचे जज परत रस्त्यावर आले. हे फिरणं खऱ्या अर्थाने संपलं १८९१ मध्ये. शंभर वर्षं!

मधल्या काळात ही माणसं काम काय करत होती ते पण सांगते, नाहीतर नुसती रडगाणी वाटतील. १७९३ मध्ये चिझम विरुद्ध जॉर्जिया हा खटला आला, प्रश्न असा की दुसऱ्या राज्याचा नागरिक एखाद्या राज्यावर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात दावा लावू शकतो का. चौघांनी म्हटलं हो. विल्सननी त्यात लोकांच्या सार्वभौमत्वाबद्दल लांबलचक लिहिलं, की राज्य म्हणजे शेवटी माणसांनी केलेली गोष्ट आहे आणि माणूस त्याच्यापेक्षा मोठा. एकट्या आयर्डेलनी नाही म्हटलं. राज्यं इतकी खवळली की १७९५ मध्ये अकरावी घटनादुरुस्ती झाली आणि निकाल फिरला, म्हणजे एकट्या माणसाचं मत राहिलं. मला विचाराल तर मनाने मी विल्सनच्या बाजूची आहे. सरकारवर दावा लावणाऱ्या पक्षकारांच्या चपात्या आमच्या घरातून गेल्यात.

जे यांचं सांगायचं तर ते मुख्य न्यायाधीश असतानाच १७९४ मध्ये तहाच्या वाटाघाटीला इंग्लंडला गेले, परत आले तर न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आलेले, मग राजीनामा. वॉशिंग्टनने सिनेट सुटीवर असताना रटलेजना मुख्य न्यायाधीश केलं. पण जुलै १७९५ मध्ये त्यांनी चार्ल्सटनमध्ये जे यांच्या त्या तहाविरुद्ध जाहीर भाषण ठोकलं, आणि डिसेंबरमध्ये सिनेट भरल्यावर १४ विरुद्ध १० मतांनी त्यांची नेमणूक फेटाळली गेली. त्याच सुमारास ते पाण्यात उडी टाकून जीव द्यायला गेले, लोकांनी वाचवलं. माणूस म्हणून माझं त्यांच्याशी जमणार नाही हे वर लिहिलंच आहे, तरी हे वाचताना पोटात तुटलं. डॉ. आंबेडकर २४ मे १९४९ ला घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर बोलले तेव्हा त्यांनी अमेरिकेची ही पद्धत समोर ठेवली होती आणि म्हणाले होते की कायदेमंडळाची संमती घ्यायची म्हटलं तर राजकीय दबाव येईल, आणि एकट्या सरकारवर सोडणं पण धोक्याचं. आणि त्याच भाषणात असंही, की सरन्यायाधीशाच्या हातात शेवटचा शब्द देऊन चालणार नाही, कारण तोही आपल्यासारखाच दोष आणि पूर्वग्रह असलेला माणूस. बाबा हे भाषण ज्युनिअर वकिलांना आवर्जून वाचायला लावायचे.

रटलेजनंतर वॉशिंग्टनने कुशिंगना मुख्य न्यायाधीश केलं, सिनेटने मंजुरीही दिली, आणि कुशिंगनी तब्येतीचं कारण सांगून ते परत केलं आणि साधे सहकारी जज म्हणून राहिले. मग ऑलिव्हर एल्सवर्थ आले. आठ वर्षांत प्रत्यक्ष काम केलेली दहा माणसं वॉशिंग्टनने या कोर्टावर नेमली, अजूनपर्यंत कुठल्याच अध्यक्षाने इतकी नेमली नाहीत.

आता विल्सन. ज्या माणसाची स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही आहे, राज्यघटनेवर सही आहे, ज्याने स्वतः वॉशिंग्टनला पत्र लिहून मुख्य न्यायाधीशपद मागितलं होतं. कायद्याचं डोकं त्या सहांत सगळ्यात मोठं, मला तरी तसं वाटतं. पण जमिनींच्या सट्ट्यात बुडालेला. पश्चिमेकडच्या हजारो एकर जमिनी कर्ज काढून घेतलेल्या, बाजार बसला आणि सावकार मागे लागले. सुप्रीम कोर्टाचा जज असताना १७९७ मध्ये न्यू जर्सीत बर्लिंग्टनला त्यांना कर्जापायी तुरुंगात जावं लागलं. सुटले, मग दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायनात गेले, तिथेही एका सावकाराने गाठलंच. आणि शेवटी ते येऊन राहिले कुठे, तर एडन्टनमध्ये, आयर्डेलच्या गावात, एका खानावळीच्या खोलीत. चिझमच्या खटल्यात ज्याच्याशी मतभेद झाले त्याच्याच गावात. राजीनामा दिलेला नव्हता, कागदोपत्री ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशच होते.

त्यांची दुसरी बायको त्यांच्यासोबत होती. लग्न १७९३ मध्ये झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची आणि ते पन्नाशीचे. तिचंही नाव हॅना. मी हे वाचताना आधी वाटलं की माझाच गोंधळ होतोय. विल्सनना आधी मलेरिया झाला, नंतर झटका आला, आणि २१ ऑगस्ट १७९८ ला ते गेले, तोपर्यंत ही पोरगीच म्हणायची, ती तिथे त्यांची सेवा करत होती, उन्हाळ्यात, परक्या गावात, पैसे नसताना. गावाजवळच्या हेज नावाच्या मळ्यात, आयर्डेलच्या मेव्हण्याच्या जमिनीत, त्यांना पुरलं. फिलाडेल्फियाला त्यांचे अवशेष नेले ते १९०६ मध्ये, एकशे आठ वर्षांनी. आणि विल्सन गेल्याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १७९९ मध्ये, आयर्डेलही त्याच एडन्टनमध्ये वारले. ४८ वर्षांचे होते. दहा वर्षांची नोकरी, बहुतेक रस्त्यावर. बाबा ५९ व्या वर्षी गेले, त्यांच्या डायरीत पुढच्या महिन्याची मुंबईची तारीख लिहिलेली होती आणि समोर महालक्ष्मीचा कोच नंबर.

जे यांना अ‍ॅडम्सने १८०० च्या डिसेंबरमध्ये परत मुख्य न्यायाधीश नेमलं, सिनेटची मंजुरीसुद्धा झाली. जे यांनी नाही म्हटलं. ज्या व्यवस्थेत हे कोर्ट अडकलंय तिच्यात त्याला वजन आणि प्रतिष्ठा कधी येणार नाही असं मला वाटतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. मग अ‍ॅडम्सने समोर उभ्या असलेल्या आपल्या परराष्ट्रमंत्र्याला नेमलं, जॉन मार्शल, आणि ते ३४ वर्षं राहिले आणि त्या कोर्टाला वजन काय ते आलं. ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

मला मात्र मार्शलच्याही शेजारी बसलेला म्हातारा दिसतो, कुशिंग. पहिल्या सहांतले शेवटपर्यंत राहिलेले एकटे, १८१० पर्यंत, मरेपर्यंत. आणि ते कसे टिकले याचं उत्तर सापडलं तेव्हा मी आईला हाक मारली. ते एकटे फिरायचेच नाहीत. बायको बरोबर असायची. चार चाकांची गाडी, त्यात पुस्तकं ठेवायला, खाण्याचे जिन्नस ठेवायला वेगवेगळे कप्पे करून घेतलेले, मागून सामानाची गाडी घेऊन प्रिन्स नावाचा त्यांचा काळा नोकर. रस्ताभर ती त्यांना वाचून दाखवायची. तिने एका पत्रात लिहिलंय की आम्ही नुसती फिरती यंत्रं झालोय, आमचं म्हणावं असं घरच नाही. तिचं नाव, हॅना.

मी आईला तिन्ही हॅनांची गोष्ट सांगितली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, मी पण गेले होते एकदा, तुझ्या बाबांबरोबर, तू लहान होतीस, आजीकडे ठेवलं होतं तुला. मला हे माहीतच नव्हतं. म्हटलं काय केलंस दिवसभर? तर म्हणाली, काही नाही, ती काळ्या दगडाची इमारत केवढी मोठी, तिचा गोल जिना बघत बसले, मग समोरच्या मैदानाच्या कडेला बसले, पोरं क्रिकेट खेळत होती. डबा मांडीवर. चार वाजता ते आले, गळ्यातले बँड काढत, म्हणाले झालं. मग आम्ही दोघांनी उसाचा रस घेतला आणि त्यांनी मला सगळी केस सांगितली, गाडी सुटेपर्यंत.

कुठली केस होती, मी विचारलं.

बांधाची, ती म्हणाली, आणि त्या बांधाची पूर्ण हकीकत, दोन्ही भावांच्या नावासकट, गट नंबरासकट, तिने मला सांगितली.